जुना टॅब, घरची डिस्क आणि आजीचे सहाशे फोटो

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी व्हॉइस नोट पाठवून विचारलाय. घरात राऊटरला एक हार्ड डिस्क लावली आहे, किंवा कोणी नीट नॅस घेतलाय. नॅस म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज, सोप्या भाषेत घरातल्या वायफायवर सगळ्यांना दिसणारी डिस्क. त्यात घरादाराचे पंधरा-वीस वर्षांचे फोटो आहेत. आणि कपाटात एक टॅब पडलाय, लॉकडाऊनमध्ये ऑनलाईन शाळेसाठी घेतलेला, एक कोपरा फुटलेला. मग त्या टॅबवर डिस्कमधले फोटो आपोआप, एकामागून एक दिसत राहतील असं करता येईल का?

येतं. पण माझं आजचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना दहा मिनिटांत बस पकडायची आहे त्यांचं काम होईल. टॅबला पूर्ण डिस्क दाखवू नका. स्लाईड शोसाठी एक वेगळं, छोटं फोल्डर करा, त्यात निवडलेल्या फोटोंच्या लहान केलेल्या कॉपी ठेवा, आणि टॅबला फक्त तेवढंच फोल्डर दाखवा. का, ते आता सविस्तर बोलू.

सगळ्यात पहिला गोंधळ असा होतो की टॅब वायफायवर आहे, डिस्क वायफायवर आहे, पण गॅलरी उघडली की डिस्कमधलं काहीच दिसत नाही. बिघाड वगैरे काही नाही. अँड्रॉईडची गॅलरी फोनच्या स्वतःच्या मेमरीतल्या फोटोंची यादी वाचते. नेटवर्कवरची डिस्क त्या यादीत नसतेच. आयपॅडचंही साधारण तेच. २०१९ मध्ये आयओएस १३ आलं तेव्हापासून फाईल्स ॲपमध्ये 'कनेक्ट टू सर्व्हर' आहे, त्यातून डिस्क उघडते, फोटो एकेक करून बघता येतात. पण फोटोज ॲपचा जो सुंदर स्लाईड शो आहे, तो तिथले फोटो घेत नाही. म्हणून मध्ये एक ॲप लागतं, ज्याला नेटवर्कची भाषा कळते.

ही भाषा म्हणजे एसएमबी. विंडोजमध्ये आपण फोल्डर 'शेअर' करतो ना, तीच. राऊटर, रास्पबेरी पाय, बहुतेक नॅस यांच्या आत हे काम 'सांबा' नावाचं फुकट सॉफ्टवेअर करतं. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलने १९९२ मध्ये ते सुरू केलं. नाव कसं पडलं माहितीये? त्याने कॉम्प्युटरमधल्या डिक्शनरीत असे शब्द शोधले ज्यात एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येतात. त्यात सांबा सापडला. शोलेशी काही संबंध नाही, तरी दर वेळी मला तोच आठवतो.

तर ॲप. अँड्रॉईडवर मी 'फोटू' वापरतो. जुन्या टॅबची फोटो फ्रेम करणारं ॲप आहे आणि त्याला एसएमबी फोल्डर थेट देता येतं. डिस्कचा आयपी पत्ता, युजर, पासवर्ड, फोल्डर निवडा, झालं. दोन गोष्टी मात्र आधी करा. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्कवाल्या मशीनचा आयपी पत्ता कायमचा बांधून टाका, नाहीतर लाईट गेली-आली की पत्ता बदलेल आणि टॅब बिचारा जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसेल. आणि टॅब गेस्ट वायफायवर नाही ना ते बघा. गेस्ट नेटवर्कवरच्या डिव्हाइसना घरातली बाकीची डिव्हाइस सहसा दिसतच नाहीत, ते त्यासाठीच असतं. आयपॅड असेल तर 'लोकल नेटवर्क'ची परवानगी विचारली जाते, आयओएस १४ पासून. आपण सवयीने 'नको' दाबतो आणि मग तासभर पासवर्ड चुकला असेल म्हणून शोधत राहतो.

डीएलएनएबद्दलही विचारलं होतंत. २००३ मध्ये कंपन्यांनी मिळून केलेलं स्टँडर्ड, ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली, पण टीव्ही आणि राऊटरमध्ये ते अजून असतं. टीव्हीवर कधीतरी लग्नाचे फोटो बघायला ठीक. रोज चालणाऱ्या फ्रेमसाठी मला ते आवडलं नाही, फोटोंचा क्रम आणि वेळ यांवर आपला ताबा फार कमी राहतो.

'पण गुगल फोटोजमध्येच सगळं आहे, मग हा खटाटोप कशाला?' हाही प्रश्न होता. दोन कारणं. जून २०२१ पासून तिथली फुकट अमर्याद जागा बंद झाली, आता ईमेल, ड्राईव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. दुसरं कारण फ्रेमवाल्यांना जास्त लागलं. मार्च २०२५ अखेरपासून गुगलने नियम बदलला, त्यामुळे बाहेरच्या ॲपना तुमची पूर्ण फोटो लायब्ररी वाचता येत नाही, तुम्ही स्वतः निवडून द्याल तेवढेच फोटो मिळतात. वर्षानुवर्षं अल्बम बघून आपोआप चालणाऱ्या कितीतरी फ्रेम त्या बदलाने अडकल्या. घरच्या डिस्कवर असे नियम आपले आपण ठरवतो. अर्थात डिस्क बिघडली तर रडायलाही आपणच असतो, ते पुढे.

आता ते वेगळं फोल्डर. मी माझ्या आजीकडचं उदाहरण देतो, कारण ते नीट चाललंय. आजी वाईला असते, आत्याबरोबर. तिथे राऊटरला जोडलेला एक रास्पबेरी पाय ४ आहे आणि त्याला २ टीबीची डिस्क. घरातल्या सात-आठ फोनचं बॅकअप त्यात येतं. साधारण अडतीस हजार फाईल्स आहेत. ॲपला सांगितलं असतं, 'हे घे सगळं आणि रँडम दाखव', तर काय काय दिसलं असतं? आत्याच्या पासबुकाचा फोटो. काकांच्या आधार कार्डाची दोन्ही बाजूंची कॉपी. गॅस सिलिंडरच्या पावत्या. दोन-तीन हजार 'शुभ सकाळ'. आणि हे सगळं हॉलमध्ये, पाहुण्यांसमोर, दहा इंची स्क्रीनवर.

हे झालं हसण्यावारी नेण्यासारखं. पण फोटो निवडत असताना मला त्यात आजोबांचे आयसीयूतले सहा फोटो सापडले. लांबच्या नातेवाईकांना तब्येत कळावी म्हणून कोणीतरी ग्रुपवर टाकलेले, तिथून फोनमध्ये आणि फोनमधून बॅकअपला. नळ्या लावलेल्या, तोंड उघडं. आजोबा जाऊन तीन वर्षं झालीत. आजी दुपारी एकटी चहा घेत बसते, टॅब समोर असतो. तिच्यासमोर तो फोटो अचानक यावा? मशीनला त्यातलं काही कळत नाही, त्याच्या दृष्टीने ती एक जेपेग फाईल. आपल्या फोनमधले 'आठवणी' दाखवणारे फीचर हेच करतात, आणि कोणाला ना कोणाला तो धक्का बसलेला आहे. मी ते फोटो डिलीट केले नाहीत, तो निर्णय आत्याचा आणि बाबांचा. फक्त फ्रेमच्या फोल्डरमध्ये ते गेले नाहीत.

म्हणून फोटो माणसाने निवडावे, कंटाळा आला तरी. आम्ही सहाशे निवडले. आत्याने आणि मी, दोन रविवार लागले.

आता तांत्रिक फायदा बघा. हल्लीच्या फोनचा साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० ठिपके, एक कोटी वीस लाख. आजीच्या टॅबची स्क्रीन १२८० बाय ८००, म्हणजे दहा लाखांच्या आसपास. टॅब चार-पाच एमबीची फाईल वायफायवरून ओढतो, उघडतो, आणि त्यातले दहा-बारा भाग फेकून देऊन एक भाग दाखवतो. दर फोटोला. जुन्या टॅबचा जीव तो किती! मग फोटो अर्धा येतो, ॲप बंद पडतं, आणि आपण वायफायला शिव्या घालतो. स्क्रीनच्या मापाची कॉपी केली की फाईल दोन-तीनशे केबीची होते. सहाशे फोटो मिळून दीडशे एमबीच्या आसपास. फरक लगेच डोळ्यांना दिसतो.

कॉपी करतानाच आणखी दोन दुखणी बरी होतात. एक, आडवे पडलेले फोटो. फोन फोटो फिरवत नाही, फाईलमध्ये फक्त एक खूण लिहून ठेवतो की 'मला या बाजूने बघा'. काही ॲप ती खूण वाचतात, काही नाही. दुसरं, आयफोनचे एचईआयसी फोटो, २०१७ पासूनचे. जुने अँड्रॉईड टॅब ते उघडतच नाहीत, काळी स्क्रीन. विंडोजवर इर्फानव्ह्यू किंवा लिनक्सवर इमेजमॅजिक, दोन्ही घरगुती वापराला फुकट, अख्खं फोल्डर एका दमात जेपेग करतात, सरळ करतात, लहान करतात. एचईआयसीसाठी वेगळं प्लगइन लागू शकतं, तेवढं बघून घ्या. आणि निकाल नव्या फोल्डरमध्येच ठेवा हं, मूळ फाईलवर लिहू नका.

मूळ फाईलवरून आठवलं. टॅबला जो युजर द्याल तो फक्त वाचू शकेल असा करा. सांबामध्ये 'रीड ओन्ली' म्हणून एक ओळ असते, नॅसच्या सेटिंगमध्ये एक टिक. नेटवर्कवरच्या फोल्डरमधून काही डिलीट झालं तर ते आपल्या कॉम्प्युटरच्या रिसायकल बिनमध्ये येत नाही, थेट जातं. हॉलमधला टॅब म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक चार वर्षांच्या पोराच्या हातातला टॅब, एवढं लक्षात ठेवा.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचा एक वेगळा त्रास आहे. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि आतली माहिती, म्हणजे कधी काढला, कुठे काढला, ती पुसून टाकतं. मग तारखेनुसार लावायला गेलं की सगळा पत्त्यांचा कॅट पिसल्यासारखा. पण फाईलच्या नावात तारीख असते, आयएमजी, मग २०१९०३१२, मग डब्ल्यूए आणि आकडा. एक्झिफटूल नावाचा फुकट प्रोग्रॅम त्या नावातून तारीख उचलून परत फोटोच्या आत लिहू शकतो. फक्त ती तारीख फोटो व्हॉट्सॲपवर आल्याची असते. लग्न डिसेंबरमधलं आणि फोटो मार्चमध्ये मिळाले तर मार्चच दिसणार. आणि स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना तर स्कॅनरच्या दिवसाची तारीख लागते. आमच्याकडे आजीचं लग्न २०१८ मध्ये झालेलं होतं!

हे स्कॅन केलेले फोटो आमच्या सहाशेत जवळजवळ दीडशे आहेत. काळे-पांढरे, कडा पिवळ्या पडलेल्या, मागे कधी शाईने काही लिहिलेलं, बऱ्याचदा काहीच नाही. आणि खरं सांगायचं तर फ्रेमचा सगळ्यात मोठा उपयोग तिथे झाला.

काय व्हायचं, की हा फोटो लागला की आजी बोलायला लागायची. 'ही बघ, ही सुशीची नणंद, हिने मला पोहायला शिकवलं.' आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत येईपर्यंत फोटो गेलेला. कोणत्या फोटोबद्दल बोलली तेच कळायचं नाही. आजी ८६ वर्षांची आहे, काही दिवस तिला सगळं लख्ख आठवतं, काही दिवस मला ती बाबांच्या नावाने हाक मारते. त्या फोटोतल्या माणसांची नावं सांगू शकणारं दुसरं कोणी आता उरलेलं नाही.

मग मी कॉपी करताना प्रत्येक फोटोच्या खालच्या कोपऱ्यात एक आकडा छापला. इर्फानव्ह्यूमध्ये एकत्रित काम करताना फोटोवर मजकूर टाकायची सोय आहे. साधा पांढरा आकडा, काळ्या पट्टीवर. मूळ फोटोला काही झालेलं नाही, ही नुसती कॉपी, म्हणून बिनधास्त लिहायचं. टॅबशेजारी एक वही आणि दोऱ्याने बांधलेलं पेन. आजी बोलली की आत्या आकडा आणि वाक्य लिहिते. आत्या नसेल तर कामाला येणाऱ्या मावशी लिहितात, आणि त्यांचं अक्षर आत्यापेक्षा चांगलं आहे. महिन्यातून एकदा मी वहीचे फोटो मागवतो आणि नावं त्या कॉपीवर आणि मूळ फोटोच्या माहितीत, दोन्हीकडे लिहितो.

फोटो बदलण्याची वेळ या ॲपमध्ये सहसा दहा-पंधरा सेकंद ठेवतात. आपल्याला ठीक, रील बघणारी माणसं आपण. आजीला चष्मा नीट करायलाच तेवढा वेळ लागतो. आम्ही पंचेचाळीस सेकंद ठेवलेत. सहाशे फोटो गुणिले पंचेचाळीस सेकंद, म्हणजे एक फेरी साडेसात तासांची, साधारण सकाळच्या चहापासून दुपारच्या चहाच्या पुढेपर्यंत. झूम होत सरकणारा इफेक्ट बंद केला आणि 'स्क्रीन भरून दाखवा'ही बंद केलं, कारण उभ्या फोटोत त्याने पहिल्यांदा माणसांची डोकी कापली जातात. बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ देत.

वाईला पावसाळ्यात लाईट जाते. टॅबला बॅटरी असते, पण राऊटर आणि पाय गेले की फोल्डर गायब, स्क्रीनवर एरर. आजी समजते तिनेच काही दाबलं. म्हणून तिथे मी थेट नेटवर्कवरून दाखवणं सोडून दिलं. फोल्डरसिंक नावाचं ॲप रात्री डिस्कवरचं ते छोटं फोल्डर टॅबच्या मेमरीत उतरवून घेतं, आणि फ्रेमचं ॲप टॅबमधलेच फोटो दाखवतं. दीडशे एमबी तर आहे. लाईट जावो, नेट जावो, आजोबा स्क्रीनवर असतात. पुण्या-मुंबईत इन्व्हर्टरवर राऊटर असेल तर थेट पद्धत चालेल, पण मला विचाराल तर मी सगळीकडे हेच करेन.

बाहेरगावहून फोटो टाकण्याचं. मी पुण्यात, आत्येभाऊ म्युनिकला. आम्ही दोघं टेलस्केल वापरतो. आमचे फोन आणि वाईचा पाय यांच्यात ते एक खाजगी बोगदा तयार करतं, त्यामुळे म्युनिकहूनही डिस्क घरातल्यासारखीच दिसते. राऊटरमध्ये पोर्ट उघडून डिस्क इंटरनेटवर ठेवण्याचे व्हिडिओ तुम्हाला दिसतील, ते करू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या नॅसना गाठलं, लोकांच्या फाईल्स कुलूपबंद करून पैसे मागितले. त्यात कुटुंबांचे फोटोही होते, साहजिकच.

आणि बॅकअप. नॅस म्हणजे बॅकअप नाही, दोन डिस्क एकमेकींची नक्कल करत असल्या तरी नाही, कारण चुकून डिलीट केलेलं दोन्हीकडून जातं. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ नियम सोपा आहे. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. आमची घराबाहेरची कॉपी माझ्या पुण्याच्या कपाटात आहे, दिवाळीत आणि मे महिन्यात वाईला जाऊन येते.

ज्यांना चेहरे ओळखणं, शोधणं वगैरे हवंय त्यांनी इमिच बघा. स्वतःच्या मशीनवर चालणारं गुगल फोटोजसारखं सॉफ्टवेअर आहे, २०२५ मध्ये त्याची स्टेबल आवृत्ती आली, आणि त्यातला अल्बम टॅबवर फ्रेमसारखा चालवणारं इमिचफ्रेम वेगळं मिळतं. पण त्याला दणकट मशीन लागतं, अपडेट सांभाळावे लागतात. पहिल्या महिन्यात नको. आधी फोल्डर आणि टॅब.

शेवटची एक काळजी, बॅटरीची. कायम चार्जिंगला लावलेल्या जुन्या टॅबची बॅटरी फुगू शकते. ८० टक्क्यांवर थांबायची सोय सेटिंगमध्ये असेल तर चालू करा. नसेल तर टायमरवाला प्लग लावून ठरावीक वेळच वीज द्या, आणि रात्री दहा ते सकाळी सहा स्क्रीन बंद. टॅबची पाठ उचललेली, स्क्रीन कडेने सुटलेली दिसली तर तो लगेच काढा, वापरू नका. आणि तो गॅसच्या ओट्याजवळ किंवा उन्हाच्या भिंतीवर लावू नका.

आजपर्यंत वहीत एकशे बारा आकड्यांसमोर काहीतरी लिहिलेलं आहे. २१४ नंबरच्या फोटोत कृष्णेच्या घाटावर चार बायका आहेत. तिघींची नावं आलीत. चौथीबद्दल आजी एकदा 'मंगळवेढ्याची' म्हणाली, एकदा 'ती नव्हे', आणि मागच्या आठवड्यात नुसतीच हसली. आत्याने तिन्ही लिहून ठेवलंय, तारखेसकट.

पुढच्या भागात हीच फ्रेम टीव्हीवर कशी चालवायची ते बघू. तोवर तुमच्या टॅबचं मॉडेल आणि अँड्रॉईडची आवृत्ती व्हॉइस नोटमध्ये सांगा, म्हणजे उत्तर देताना अंदाज येतो. चला, भेटूया.